पाल्याचं हे लचांड कशाला?

"नर्सरीत खताची पिशवी मिळते, मग गॅलरीत पाल्याचं हे लचांड कशाला?" नेरूळच्या आमच्या सोसायटीत हे मला जिन्यात विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

पैसे वाचवायला मी हे करत नाही. थंडी सरता सरता बदाम लाल होऊन झडतो आणि सकाळी कोपऱ्यावर पाल्याचा ढीग पेटतो. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच सांगितलंय. ढीग पेटतोच. माझ्या आईला दमा होता. खिडक्या लावून, ओला पदर नाकाशी धरून ती बसायची. आई गेली, धूर आहे. म्हणून पाला मी वर आणते आणि गॅलरीतल्या ड्रममध्ये कुजवून त्याचं खत करते.

एवढ्याने तुमचं समाधान होत नाही, कारण तुम्हाला तो जुलै आठवतो.

मलाही आठवतो. बदामाची पानं मी न चुरता अख्खीच ड्रममध्ये भरली होती. ती भिजली की एकावर एक चिकटून बसतात, मधे हवा शिरत नाही. वर ओलं गवत, भाजीची देठं, लवकर कुजावं म्हणून ताक-गुळाचं पाणी. त्यात पावसाची झड आली. तळाची भोकं बुजली होती, ती कधीतरी रात्री सुटली असणार. खालच्या काकूंकडे त्या दिवशी काकांचं तेरावं होतं. घरभर माणसं, पानं वाढलेली, आणि माझ्या ड्रममधलं काळं पाणी त्यांच्या खिडकीवरच्या छज्जावर. सडक्या अंड्यासारखा वास. काकू स्वतः वर आल्या. भांडल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "आज तरी नको होतं गं." आणि मी म्हणाले, "काकू, पाला कुजायचा म्हणजे थोडा वास येणारच."

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. पण वास तर मलाही दोन दिवस आधीपासून येत होता. नीट चाललेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. अंड्याचा वास आला की समजायचं, आत हवा उरलेली नाही.

आता ड्रम विटांवर ठेवलाय, वर पत्रा आहे. पाला वाळवून पोत्यात घालून तुडवते. ओल्याच्या दोन-तीन पट कोरडा घालते, आठवड्याला खालवर करते. मूठभर घेऊन पिळलं तर एखाददुसरा थेंब, त्याहून जास्त नाही.

तरी "बंद कर" म्हणणाऱ्यांना मी विचारणारच : तो धूर कुणाच्या घरात शिरतो? माझं म्हणणं चूक नाही. पण काकूंसमोर ते उच्चारायची माझी अजून छाती होत नाही. संक्रांतीला त्या तिळगूळ घेतात, ड्रमचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. जुलैत मात्र रोज रात्री टॉर्च घेऊन गॅलरीतून वाकते आणि त्यांच्या छज्जावर काळा ओघळ नाही ना, ते बघून मगच झोपते.