बुलबुल, सीता आणि आमची मामी

परवा धुळ्याहून मामीचा व्हिडिओ कॉल आला. तिचा व्हिडिओ कॉल म्हणजे अर्धा वेळ आपल्याला फक्त छताचा पंखा दिसतो आणि मागून आवाज येत राहतो. म्हणे, "अगं ती बुलबुल बघ ना, किती मोठी झाली. अजय देवगणसोबत पिक्चरमध्ये आली." मला दोन सेकंद कळलंच नाही कोण बुलबुल. मग ट्यूब पेटली, मृणाल ठाकूर, मामीच्या जुन्या सिरियलमधली बुलबुल. 'सन ऑफ सरदार २' बद्दल बोलत होती, जो २०२५ ला १ ऑगस्टला आला, आणि गंमत म्हणजे १ ऑगस्ट हाच मृणालचा वाढदिवस. १९९२ चा जन्म, तोही धुळ्याचा. हे सांगितल्यावर मामी एकदम अहिराणीत घुसली, "मंग! आपली धुयानी पोर शे ती!"

तेव्हापासून डोक्यात हा विषय घोळतोय म्हणून लिहून टाकते. कारण लोक हिच्याबद्दल दोनच गोष्टी बोलतात, एक म्हणजे 'सीता रामम'ने रातोरात स्टार झाली आणि दुसरी म्हणजे ती कोणाबरोबर दिसली. दुसऱ्यात मला काडीचा इंटरेस्ट नाही. पण पहिली गोष्ट खटकते. रातोरात काय हो, 'सीता रामम' आला २०२२ मध्ये आणि ही बाई २०१२ पासून कॅमेऱ्यासमोर उभी आहे. दहा वर्षांची रात्र असते का कुठे?

तर सुरुवातीपासून. वडील बँकेत, त्यामुळे बदल्या, त्यात लहानपणीचा काही काळ जळगावात आणि मग मुंबई. कॉलेजला मास मीडिया घेतलं आणि ते चालू असतानाच स्टार प्लसची सिरियल मिळाली, 'मुझसे कुछ कहती... ये खामोशियां'. त्यात तिचं नाव गौरी भोसले. म्हणजे हिंदी चॅनलवर पण मराठी घरातली मुलगी. सिरियल फार चालली नाही. मग २०१४ मध्ये 'विट्टी दांडू', 'हॅलो नंदन' आणि 'सुराज्य' हे मराठी सिनेमे आले. 'विट्टी दांडू'त तर दिलीप प्रभावळकर होते. आता खरं सांगा, यातला कुठला तुम्ही थिएटरात जाऊन पाहिला? मीही नाही पाहिला. म्हणून आता 'आपली मराठी मुलगी, आपला अभिमान' असे स्टेटस टाकताना मला जरा लाजच वाटते. तिने आधी आपल्याकडेच दार वाजवलं होतं, आपण कडी काढली नाही.

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये झी टीव्हीवर 'कुमकुम भाग्य' सुरू झालं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एकता कपूरची सिरियल, दोन बहिणी, मोठी प्रज्ञा म्हणजे सृती झा आणि धाकटी बुलबुल म्हणजे मृणाल. त्यांची आई सरला मंगल कार्यालय चालवते आणि त्या कार्यालयाचंच नाव कुमकुम भाग्य. मूळ कल्पना म्हणे जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरून घेतलेली, म्हणजे एक बहीण समजूतदार आणि दुसरी मनस्वी. पण दोन-चार महिन्यांत ऑस्टिनबाई कुठल्या कुठे राहिल्या आणि किडनॅपिंग, खोटी लग्नं, लॉकेट वगैरे सुरू झालं. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामीकडे होते, रात्री नऊला घरातली सगळी कामं ठप्प, मामाला जेवायला वाढायचं ते पण ब्रेकमध्ये. मामीला अभि-प्रज्ञापेक्षा बुलबुल आणि पूरबची जोडी जास्त आवडायची. बुलबुल नुसती टकळी चालवायची, रडायची, परत हसायची, आणि मामी म्हणायची ही पोरगी खोटं नाही करत.

मी तेव्हा नाक मुरडायचे. सिरियल बघणं म्हणजे कमीपणा असं वाटायचं ते वय.

माझं मत बदललं ते माझ्या चुलतबहिणीमुळे. ती पुण्याहून मुंबईला गेली ॲक्टिंग करायला, मृणालनंतर काही वर्षांनी. नाव नाही सांगत, ती मला मारेल. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये रोज चकरा. तिथे बंगल्या-बंगल्यात ऑडिशनची ऑफिसं, आणि दारातच एक माणूस तुम्हाला वरून खाली बघतो आणि म्हणतो "नॉट फिट". बस. हेच दोन शब्द. तोंड उघडायच्या आधी. एका महिन्यात तिने हे दोन शब्द इतक्यांदा ऐकले की घरी आल्यावर जीन्स घट्ट झाली तरी आम्ही सगळे "नॉट फिट" म्हणून हसायचो, पण ती हसायची नाही. मग शेवटी एका सिरियलमध्ये नणंदेच्या मैत्रिणीचा रोल मिळाला, सहा महिने.

तिच्याकडून जे ऐकलं ते असं. शिफ्ट बारा तासांची, पण ती कागदावर. सेट कुठे नायगावला, कुठे मीरा रोडला, म्हणजे जायला-यायला अजून तीन तास धरा. सीनचे कागद सेटवर पोचल्यावर हातात येतात, कधी कधी तर मेकअप चालू असताना, शाई वाळलेली नसते म्हणायची ती. वीस-बावीस मिनिटांचा एपिसोड रोज एअर होणार म्हणजे होणारच, बँक संपत आली की, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड संपत आले की, दोन युनिट लावतात आणि एकच माणूस इकडून तिकडे पळतो. एक संवाद झाला की खोलीतल्या प्रत्येकाचा क्लोजअप वेगळा घ्यायचा, कोणी समोर नसताना, भिंतीवरच्या चिकटपट्टीकडे बघून रडायचं. रोल मागे पडला की ट्रॅक बंद, लेखक काही कळवत नाहीत, फक्त प्रॉडक्शनचा फोन यायचा बंद होतो. आणि पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे जानेवारीत रडलीस तर एप्रिलात भाडं भर. तिचे शेवटचे दोन महिन्यांचे पैसे तर आलेच नाहीत, तो एक वेगळाच विषय आहे, जाऊ दे.

हे सगळं ऐकल्यावर मला बुलबुलचे ते एपिसोड वेगळेच दिसायला लागले. दोन वर्षांच्या आतबाहेर जवळजवळ रोज हे करायचं, आणि तेही मुख्य नसलेल्या रोलमध्ये. धाकटी बहीण असणं म्हणजे काय, तर सीनमध्ये असायचं पण सीन तुझा नसायचा. मोठी बहीण रडणार, तू तिच्या रडण्याकडे बघून रडणार. मला वाटतं ऐकायला शिकली ती इथेच. समोरचा बोलत असताना चेहऱ्यावर काहीतरी खरं चालू ठेवणं, तिच्या नंतरच्या सिनेमांत बघा, तिचे सगळ्यात चांगले शॉट हे ती गप्प असतानाचे आहेत.

२०१६ च्या सुरुवातीला तिने सिरियल सोडली. मामीने तेव्हा फोनवर अक्षरशः तक्रार केली होती माझ्याकडे, जणू मी एकता कपूरच्या बालाजीत कामाला आहे. चालू असलेली सिरियल, महिन्याचे पैसे, घराघरात नाव, हे सगळं सोडून जायचं आणि तेही कुठे, तर 'टीव्ही फेस' म्हणून हाकलून देणाऱ्या लोकांच्या दारात. कारण सिनेमावाल्यांचं गणित असं की जो चेहरा घरात फुकट दिसतो त्याला बघायला तिकीट कोण काढणार. याला अपवाद आहेत आणि ते सगळ्यांना पाठ आहेत, 'फौजी'तला शाहरुख, 'पवित्र रिश्ता'तला सुशांत, आणि विद्या बालन 'हम पांच'मध्ये चष्मेवाली राधिका होती, तिथून 'परिणीता'पर्यंत दहा वर्षं गेली. पण अपवाद पाठ असतात याचा अर्थच ते मोजके आहेत ना.

मग 'लव्ह सोनिया'. माझ्या मते तिचं आजपर्यंतचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि सगळ्यात कमी लोकांनी पाहिलेलं पण हेच. तबरेज नूरानीचा सिनेमा, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडे लागला आणि मला वाटतं आठवडाभरात उतरला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या दोन मुली, बाप एकीला विकतो, दुसरी तिला शोधायला मुंबईत येते आणि स्वतःच त्या बाजारात अडकते, तिथून हाँगकाँग आणि अमेरिकेपर्यंत. मनोज बाजपेयी, राजकुमार राव, रिचा चढ्ढा, फ्रीडा पिंटो, डेमी मूर सुद्धा आहे त्यात, आणि या सगळ्यांच्या मधोमध आमची बुलबुल, आणि इथे पण परत बहीणच, बघा! फक्त यावेळी कॅमेरा तिच्यावरून हलतच नाही. मी तो एका बैठकीत बघू शकले नाही, मध्ये उठून गॅलरीत गेले. मामीला मी मुद्दाम सांगितलेलं नाही तो बघ म्हणून.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. जुलै २०१९ ला हृतिकसोबत 'सुपर ३०', महिनाभराने जॉनसोबत 'बाटला हाऊस'. दोन्ही चालले. पण दोन्हीत ती काय आहे, तर हिरोच्या आयुष्यातली बाई. 'बाटला हाऊस'मध्ये निदान टीव्हीवर बातम्या देणारी बायको आहे.

यावरून आठवलं, स्मिता पाटीलसुद्धा खानदेशातल्याच घरातली. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरकडचे, तिचा जन्म मात्र पुण्याचा, १९५५ चा. तीही आधी टीव्हीवरच दिसली, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायची असं सांगतात, आणि तिथेच श्याम बेनेगलांनी तिला हेरलं. मी तुलना करत नाहीये हां, कमेंटमध्ये धावून येऊ नका. स्मिता ती स्मिता, एकतिसाव्या वर्षी गेली आणि तोवर 'भूमिका' आणि 'चक्र'साठी दोनदा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन झाले होते. फक्त एवढंच की तेव्हा टीव्हीवरून आलीस म्हणून कोणी नाक मुरडलं नाही, कारण टीव्हीच नवा होता, त्याची लाज वाटायला अजून वेळ होता.

असो. मग 'तूफान' आला, अमेझॉन प्राइमवर, २०२१. त्यात ती डॉक्टर अनन्या प्रभू. डोंगरीच्या बॉक्सरच्या प्रेमात पडलेली, त्याचे कोच नाना प्रभूंची मुलगी. सिनेमा ठीकठाक, पण तिचं हसणं तेवढं लक्षात राहिलं. मग नेटफ्लिक्सवर 'धमाका'. आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये 'जर्सी', शाहिद कपूरसोबत. हा तेलुगू 'जर्सी'चा रिमेक, मूळचा तेलुगू हिरो नानीचा. तारखा पुढे पुढे गेल्या आणि शेवटी आला तो 'केजीएफ २' नंतर आठवड्याने. काय होणार होतं ते झालं, पडला. हिंदीत असं एखादं मोठं बॅनर पडलं की हिरोला पुढचा सिनेमा मिळतो, हिरोइनला "लकी नाही" हे विशेषण मिळतं.

आणि मग ५ ऑगस्ट. 'सीता रामम'. हनु राघवपुडी दिग्दर्शक, दुल्कर सलमान हिरो, १९६४ चं काश्मीर, अनाथ लेफ्टनंट राम आणि त्याला पत्रं पाठवणारी सीता महालक्ष्मी. धुळ्याची मुलगी, भाषा तेलुगू, पडद्यावर तिचा आवाज पण तिचा नाही, तो चिन्मयी श्रीपादाने दिलाय. म्हणजे नटीचं अर्धं हत्यार काढून घेतलं की. उरतं काय? डोळे, मान, साडी सावरणं, वाट बघणं. आणि तिने त्यावरच मैदान मारलं. यावर काहीजण म्हणतात आवाज दुसऱ्याचा म्हणजे अर्धाच अभिनय. मला पटत नाही. चिकटपट्टीकडे बघून रडायचे क्लोजअप ज्याने शेकड्याने दिलेत त्याला न बोलता बोलायची सवय असते. सिनेमा हिंदीत डब होऊन सप्टेंबरमध्ये आला आणि मग एकदम सगळ्या हिंदीवाल्यांना ही मुलगी सापडली, जी त्यांच्याच चॅनलवर रोज रात्री नऊला दिसत होती.

मला सगळ्यात आवडलेला योगायोग तर पुढचा आहे. जो 'जर्सी' हिंदीत पडला त्याच्या मूळ हिरोसोबत, नानीसोबत, ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'हाय नान्ना'त आली आणि तो चालला. मध्ये हिंदीत 'गुमराह', 'पिप्पा', 'आंख मिचोली' हे पण येऊन गेले, त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. आणि तेलुगूत पण सगळं सोनंच झालं असं नाही, 'फॅमिली स्टार' आपटला.

चुलतबहिणीला हा ड्राफ्ट वाचायला पाठवला होता. ती आता ॲक्टिंग करत नाही, कास्टिंगच्याच एका ऑफिसात असते, आराम नगरमध्येच, दाराच्या आतल्या बाजूला. तिने उलट मेसेज केला की आम्ही आता "नॉट फिट" म्हणत नाही, "कळवतो" म्हणतो. पुढे रडून हसणारा इमोजी.

आणि मामीला मी 'हाय नान्ना' लावून दिला, हिंदी डबिंगमध्ये. शेवटपर्यंत बघितला, दोनदा डोळे पुसले, मग मला विचारते, "सगळं छान गं, पण त्या पूरबचं पुढे काय झालं?"