अंबाडा, निऱ्या आणि तो स्कॅनर

"ताई, अमेरिकेत विमानतळावर सुरक्षेच्या त्या स्कॅनरमध्ये अंगावरचं सगळं दिसतं. सरळ नको म्हण, आपला हक्क आहे. दोन मिनिटांत हाताने तपासून सोडतात," असं मामेभावाने निघताना ठासून सांगितलं होतं. त्या दोन मिनिटांपायी आमचं पुढचं विमान चुकलं.

पहिल्या विमानतळावर उतरलं की इमिग्रेशन, बॅगा उचला, कस्टम्स, बॅगा परत द्या आणि पुन्हा सुरक्षेची रांग. सोळा तास बसून सासूबाईंचे पाय सुजलेले. तरी मी बाणेदारपणे "ऑप्ट आउट", म्हणजे स्कॅनर नको, असं म्हटलं. तपासायला बाई मोकळी नव्हती. पस्तीस मिनिटं मी एका कोपऱ्यात, आणि पर्स-पासपोर्ट ट्रेमधून पलीकडे बेवारस! मग दंड, पाठ, कमरेच्या पट्ट्याच्या आत बोटं, मांड्या. नाजूक जागी हाताची उलटी बाजू. ज्या लाजेपायी स्कॅनर टाळला, ती इथे व्याजासकट वसूल झाली.

सासूबाई मात्र स्कॅनरमधून गेल्या. पडद्यावर डोकावले, तर शरीराऐवजी सगळ्यांना एकच बाहुल्याचं चित्र, आणि यांच्या अंबाड्यावर नि पोटावर पिवळे चौकोन. केसांतले आकडे, निऱ्यांचा गठ्ठा, कमरेला खोचलेला रुमाल. धातू नसला तरी हे यंत्र पकडतं. तेवढ्याच जागा चाचपल्या, चार मिनिटांत मोकळ्या.

भावाची माहिती शिळी. डिसेंबर २००९ मध्ये डेट्रॉइटच्या विमानात एकजण चड्डीत बॉम्ब घेऊन बसला होता, त्यानंतर ही यंत्रं धडाधड लागली. त्यातली क्ष-किरणांची खरंच उघडं शरीर दाखवायची. बाहुल्याचं सॉफ्टवेअर ती बनवणाऱ्या कंपनीला मुदतीत जमलं नाही, म्हणून २०१३ मध्ये ती हलवली. आता मिलिमीटर वेव्हची, म्हणजे क्ष-किरणांऐवजी रेडिओलहरी वापरणारी आहेत, आणि ती फक्त बाहुला दाखवतात.

तेव्हा दोन विमानांच्या मध्ये तीन तास नसतील तर ऑप्ट आउटच्या फंदात पडूच नका. डिसेंबर २०१५ पासून काही प्रवाशांना स्कॅनर सक्तीचाही करू शकतात. हाताने तपासणारच असतील तर बंद खोली मागा, आपलं माणूस सोबत नेता येतं. ट्रे नजरेसमोर ठेवायला लावा, भीड नको. विमान बदलायचं असेल त्या दिवशी साडी नको, आणि अंबाड्याऐवजी वेणी. मंगळसूत्र काढायला आम्हाला कुणी सांगितलं नाही.

नणंदेकडचे बारा दिवस, नायगारा वगैरे छान. परतताना सासूबाईंना नणंदेचा सलवार-कुर्ता घालायला लावला. रांग संपेपर्यंत कुरकुरत होत्या, पण पडद्यावर एकही चौकोन उमटला नाही.