गाडी म्हणते, चार्जिंग तुम्हीच थांबवलं

इलेक्ट्रिक गाडीच्या एका अपडेटपायी माझे २२ दिवस गेले आणि शेवटी काम झालं २५ मिनिटांत. ती २५ मिनिटं सर्व्हिस सेंटरच्या कॉफी मशीनशेजारी बसून मी मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाकीचं लिहिते.

गाडी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक लगेच "म्हणून म्हणत होतो, पेट्रोलची घे" सुरू करतात. नाशिकहून कसारा घाट उतरून मी ठाण्याला आईकडे जाते, तर घाटात ब्रेकवर पाय क्वचितच जातो. उताराला मोटर उलटी राबते आणि बॅटरी थोडी भरून देते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कॉमन चार्जर आहे, आम्ही तीन गाडीवाले वहीत नाव लिहून आळीपाळीने लावतो. दीड वर्ष विनातक्रार चाललं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी ॲपवर आलं, नवीन सॉफ्टवेअर तयार आहे, साधारण ४० मिनिटं लागतील. माझा दीर अमेरिकेत असतो, तो दर फोनला टेस्लाचं कौतुक ऐकवतो. २०२३ च्या डिसेंबरात टेस्लाने तिथल्या २० लाखांवर गाड्यांचा रिकॉल घरबसल्या अपडेट पाठवूनच उरकला, हे मला त्याच्याकडून किमान चार वेळा कळलं आहे. म्हटलं, आपणही करू. बेसमेंटमध्ये रेंज नाही, म्हणून गाडी गेटपाशी नेली, फोनच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड केलं, पुन्हा खाली आणून 'इन्स्टॉल' दाबलं आणि वर जाऊन भाकरी टाकल्या.

दीड तासाने खाली आले तर स्क्रीनवर ६२ टक्के. अर्ध्या तासाने ६२ टक्के. आता इथे चूक माझी. मला वाटलं चार्ज कमी पडत असेल, म्हणून मी गन, म्हणजे चार्जरच्या वायरचं गाडीत खुपसायचं टोक, लावली. खट्ट आवाज होऊन ती लॉक झाली. चार्जिंग मात्र सुरू झालंच नाही. म्हटलं सकाळी बघू.

सकाळी गाडी ठार. रिमोटने दार उघडेना. गन निघेना. आणि वहीत पुढचा नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा, त्यांना शिर्डीला जायचं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या गाडीचा फोटो आला, खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह.

तर हे लक्षात ठेवा: रिमोटच्या आत एक साधी धातूची किल्ली असते, ती काढून दार उघडतं. आणि गन अडकली तर सोडवायला एक ओढायची दोरी असते, बहुतेक बॉनेटखाली नाहीतर चार्जिंग पोर्टच्या मागच्या बाजूला. माझ्या गाडीत ती कुठे आहे हे मला मॅन्युअल वाचून कळलं, आणि मॅन्युअल होतं डिकीत. डिकी विजेवर उघडते. मागची सीट पाडून, आत सरपटत जाऊन ते काढलं. वॉचमन काका टॉर्च धरून होते, त्यांनी एक अक्षर विचारलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

रोडसाइडवाला मुलगा आला, त्याने छोट्या बॅटरीला जंप दिला आणि गाडी जागी झाली. गाडी पळवते ती मोठी बॅटरी, पण तिला उठवते ती आपली नेहमीची १२ व्होल्टची. ती बसली की मोठीला जोडणारा स्विच, म्हणजे रिले, लागत नाही, मग मोठी ८० टक्के भरलेली असून उपयोग शून्य. अपडेट रात्रभर अडकून राहिलं, सगळे कॉम्प्युटर जागे राहिले आणि त्यांनी छोटी बॅटरी पिऊन टाकली. टोइंग लागलं नाही हे नशीब, कारण गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक आमच्या बेसमेंटच्या रॅम्पवर उतरलाच नसता आणि अशा गाडीची मोटरवाली चाकं जमिनीवर ठेवून ती ओढत नेऊ नये.

स्क्रीनवर नवीन व्हर्जन दिसलं, गाडी चालली. मी पेढे वाटायचीच बाकी होते.

त्या रात्री चार्जिंग १७ मिनिटांनी बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा १७ मिनिटं. काकांची गाडी त्याच चार्जरवर रात्रभर मजेत चार्ज झाली.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

सोमवारी सर्व्हिस सेंटर. ॲडव्हायझरने लॅपटॉप जोडला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, फॉल्ट कोड नाही येत."

"बरं, पण चार्जिंग बंद पडतंय."

"कोड नाही ना पण."

कोड म्हणजे बिघाड झाला की गाडी स्वतःच नोंदवते तो क्रमांक. त्याच्या जगात कोड नाही म्हणजे दुखणं नाही. मग त्याने आवाज मऊ केला. "सरांना फोन देता का? जरा टेक्निकल आहे." मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. सर बँकेत आहेत आणि त्यांना घरचा फ्यूज बदलता येत नाही. हे मी त्याला सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

त्यांनी गाडी त्यांच्या चार्जरला लावली, दहा मिनिटं बघितलं, काढली. "इथे होतंय मॅडम. तुमच्या घरच्या वायरिंगचं बघा, अर्थिंग असेल." जॉब कार्डवर लिहिलं: तपासले, ओके.

बुधवारी इलेक्ट्रिशियन बोलावला. अर्थिंग व्यवस्थित. त्याचे पैसे गेले, माझी एक सीएल गेली. शनिवारी पुन्हा सेंटर. या वेळी त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी फोन आला, "फुल्ल चार्ज झाली मॅडम." मी आनंदाने गेले, तर चार्जिंग केलं होतं त्यांच्या डीसी फास्ट चार्जरवर! डीसी थेट बॅटरीत जातं. घरचा एसी चार्जर वीज गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरला देतो, तो तिची डीसी करतो, मग ती बॅटरीत जाते. बिघाड त्या मधल्या डब्याशी, आणि यांनी त्याला वळसा घालून मला पास केलं. मी हे सांगितलं तेव्हा ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडमना बरंच माहिती आहे." ते कौतुक नव्हतं. जॉब कार्ड: ओके.

मधल्या दिवसांत मी मुंबई-आग्रा हायवेवरच्या फास्ट चार्जरवर जाऊन, घरच्यापेक्षा कितीतरी जास्त दर मोजून चार्ज करत होते. समोरच्या हॉटेलात मिसळ बरी मिळते. तेवढंच पदरात पडलं.

तेराव्या दिवशी दुसरी सीएल टाकून गेले आणि सांगितलं, मी इथून हलणार नाही. गाडी एसी चार्जरला लावा, माझ्यासमोर. प्लॅस्टिकची खुर्ची गाडीशेजारी ओढली, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, व्हिडिओ सुरू केला. दहा मिनिटं झाली, ॲडव्हायझर म्हणाला, "बघा, चालू आहे." म्हटलं, बसा. बारा. चौदाला त्याला चहा आला. सोळाला तो घड्याळाकडे बघायला लागला, मीही. १७ मिनिटं आणि काही सेकंद, खट्ट, पोर्टवरचा दिवा विझला. मी काही बोलले नाही. प्रॅक्टिकलला रीडिंग बरोबर आलं की पोरं बघतात ना, तसं बघितलं फक्त.

मग आतून एक तरुण टेक्निशियन आला, जेमतेम पंचविशीचा. त्याने लॅपटॉपवर कोड बघायचं सोडून सरळ चार्जिंगची नोंद उघडली. प्रत्येक वेळी पुढे लिहिलेलं: चार्जिंग वापरकर्त्याने थांबवले. म्हणजे गाडीच्या मते मी रात्री दोन वाजता बेसमेंटमध्ये जाऊन चार्जिंग बंद करत होते. म्हणूनच कोड येत नव्हता. मालकाने थांबवलं तर तो फॉल्ट कसा?

त्याने एकेका मॉड्यूलचं, म्हणजे गाडीतल्या एकेका छोट्या कॉम्प्युटरचं, व्हर्जन काढलं. बाकी सगळी नवीन, ऑनबोर्ड चार्जरचं जुनं. ६२ टक्क्यांवर जे अडकलं ते हेच. स्क्रीन स्वतःपुरती अपडेट झाली आणि घरभर सांगत सुटली, सगळं झालं म्हणून.

"मग टाका ना नवीन."

"आपल्याला परवानगी नाही मॅडम. तिकीट टाकायला लागतं हेड ऑफिसला."

ते तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, ९ दिवस चाललं. पहिल्या दिवशी 'नोंदवले', चौथ्या दिवशी 'अधिक माहिती हवी', आणि माहिती काय हवी, तर किलोमीटर रीडिंग. मध्ये शनिवार-रविवार. आठव्या दिवशी मी तारखावार मेल लिहिला, तिन्ही जॉब कार्डचे नंबर, व्हिडिओ जोडला आणि खाली एक ओळ, की ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायला निघाले आहे. दुसऱ्या दिवशी परवानगी आली. मेल आधीच लिहायला हवा होता. फोनवर ते गोड बोलतात आणि उरत काहीच नाही.

मघाशी राहिलं ते: अपडेटच्या आधी स्क्रीनवरच्या व्हर्जनचा आणि किलोमीटरचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे नव्हता, त्यामुळे "आधीपासूनच असं असेल" हेही ऐकून घ्यावं लागलं. प्रवासाच्या आदल्या रात्री तर अपडेटला हातच लावू नका. 'ओके' लिहिलेल्या जॉब कार्डवर सही करताना खाली हाताने लिहा, तक्रार कायम. मी दोन वेळा मुकाट सही केली. आणि तुमच्याकडे नेटवर्क नसलेलं बेसमेंट असेल, तर डाउनलोड आणि इन्स्टॉल दोन्ही वर, उघड्यावर, गन न लावता करा.

शेवटच्या दिवशी त्या टेक्निशियननेच वायर जोडली, २५ मिनिटं, झालं. मी तिथेच तासभर एसीवर चार्ज करून बघितलं. निघताना ॲडव्हायझर गाडीपर्यंत आला. "मॅडम, उद्या कंपनीतून फोन येईल, प्लीज दहापैकी दहा द्या."

फोन आला. मी सहा दिले, त्यातले पाच त्या मुलाचे, आणि तसं सांगितलंही. अर्ध्या तासात ॲडव्हायझरचा फोन, "मॅडम, काही प्रॉब्लेम होता का? आमच्याकडे तर सगळं ओके दिसतंय."