आमची वाटचाल: दुधाची पावती आणि क्लाउडचं बिल

२००९ साली आम्ही दोघा भागीदारांनी कोल्हापुरात गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घालतो, काट्यावर वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं, दरपत्रकातून दर निघतो आणि पावती छापली जाते. दर दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्स, कर्जाचा हप्ता वजा करून रक्कम उत्पादकाच्या हातात. म्हैस असलेल्या घरात किराणा या बिलावर येतो. म्हणून या धंद्यात 'सिस्टीम बंद आहे' हे वाक्य आम्हाला कधीच हलकं वाटलं नाही.

सुरुवातीला सॉफ्टवेअर संस्थेच्याच संगणकावर असायचं. एकरकमी १८ हजार रुपये आणि पुढे वर्षाला ४ हजार देखभाल. २०१३ मध्ये शाहूपुरीतल्या कार्यालयात आम्ही स्वतःचा सर्व्हर घेतला आणि संस्था एकेक करून त्याला जोडल्या.

सर्व्हर घेताना आम्ही फक्त त्याची किंमत पाहिली, ही पहिली चूक. त्याच्यामागून यूपीएस आला, बॅटऱ्यांचा संच आला (तीन वर्षांत बदलावा लागायचा), खोलीला एसी आला, दोन वेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड जोडणी आली. तीनशे वॅटचा सर्व्हर दिवसरात्र चालला तर वर्षाला २,६००हून जास्त युनिट वीज खातो, आणि खोली थंड ठेवायची वीज त्यावर वेगळी. मशीनवर घसारा (जुनं होत जाणाऱ्या मशीनच्या किमतीची करातली वजावट) मिळायचा, आधी ६० टक्के आणि एप्रिल २०१७ पासून ४० टक्के. पण घसाऱ्याने कर वाचतो, खर्च भरून निघत नाही. आणि सर्व्हरजवळ रात्री झोपणारा माणूस? तो मी किंवा माझा भागीदार. आमच्या झोपेचा पगार आम्ही कुठल्याच वहीत लिहिला नव्हता.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं कार्यालय तळमजल्यावर. पाणी गल्लीत शिरताना आम्ही चौघांनी सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेला. डेटा वाचला. पण वीज नाही, जोडणी नाही, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. नऊ दिवस आमची सेवा बंद होती. डोंगराकडच्या ज्या गावांत पूर नव्हता, तिथल्या सेक्रेटरींनी वहीवर दूध लिहून घेतलं आणि दहा दिवसांचं बिल आठवडाभर लांबलं. एका चेअरमननी मला शांतपणे सांगितलं, "पावती नाही मिळाली तर सभासद माझ्या दारात येतो, तुमच्या नाही." ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

त्या दिवाळीनंतर क्लाउडचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांतली मशीनं इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याचा, विचार पक्का झाला. तोपर्यंत या कंपन्यांची केंद्रं आपल्याकडे आलीच होती. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं सुरू केली, ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं, गूगल २०१७ मध्ये. फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही १७० संस्था क्लाउडवर नेल्या. महिन्याभरात लॉकडाऊन लागला. कार्यालयाला कुलूप, पण दूध संकलन सुरू, आणि आमच्या कार्यालयातली मुलं आपापल्या घरून काम करत होती. तेव्हा वाटलं, निर्णय अगदी वेळेवर झाला.

एप्रिलमध्ये क्लाउडचं महिन्याचं बिल पाहिलं. अंदाज २२ हजारांचा होता, आले ६१ हजार.

ओळ न् ओळ वाचायला तीन दिवस लागले. उत्पादकांच्या दहा दिवसांच्या बिलाची चाचणी घ्यायला फेब्रुवारीत एक मोठं मशीन सुरू केलं होतं, ते कोणी बंद केलंच नव्हतं. काढून टाकलेल्या मशीनच्या डिस्का तशाच पडून होत्या, त्यांचं भाडं चालू होतं. रोजच्या डेटाबेसच्या प्रती साठत होत्या आणि त्या कधी पुसायच्या हे कोणी ठरवलेलं नव्हतं. 'जेवढं वापराल तेवढंच द्या' असं ऐकून आम्ही गेलो होतो. प्रत्यक्षात जेवढं चालू ठेवाल आणि जेवढं साठवाल तेवढं द्यावं लागतं, मग त्यावर काम होवो न होवो. हा फरक कळायला आम्हाला ३९ हजार रुपये लागले.

महिन्याचे तास साधारण ७३०. आमचं संकलन सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, म्हणजे महिन्याला १८०. बाकी ५५० तास आमची मशीनं जवळपास रिकामी. स्वतःच्या सर्व्हरवर हे रिकामपण दिसत नव्हतं, कारण पैसे आधीच देऊन झाले होते. क्लाउडवर प्रत्येक रिकाम्या तासाचे पैसे डोळ्यांसमोर आले. मग एक छोटं मशीन कायम चालू ठेवलं आणि त्यासाठी वर्षभराचा करार करून सवलत घेतली. जादा तीन मशीनं पहाटे साडेपाचला आपोआप सुरू होऊन साडेनऊला बंद, परत साडेचारला सुरू होऊन रात्री साडेआठला बंद. ७३० तासांऐवजी २४० तास.

त्याहून मोठी बचत मात्र हिशेब करून सुचली नव्हती, ती दुसऱ्या पुरातून आली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा वाढलं, या वेळी २०१९ पेक्षाही वर. कार्यालय बंद राहिलं तरी क्लाउडवरची सेवा एक मिनिटही थांबली नाही. पण अनेक गावांतलं इंटरनेटच गेलं होतं, मग मुंबईतली मशीनं सुरू असून काय उपयोग? त्यानंतर आम्ही सहा महिने एकाच कामाला लागलो. पावती संस्थेच्या संगणकावरच निघावी, नोंद तिथे जपून ठेवली जावी आणि जोडणी मिळेल तेव्हा गठ्ठ्याने वर जावी. हे केलं ते उत्पादकाला पावती मिळावी म्हणून. पण महिन्याभराने क्लाउडचं बिल बघितलं तर ते खाली आलेलं. तेव्हाच्या २१२ संस्थांकडून सकाळच्या अडीच तासांत पंचवीस हजारांवर पावत्या एकदम येऊन आदळायच्या, आणि त्या झेलायलाच जादा मशीनं लागायची. आता त्या पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे, रांगेने येतात. तीन जादा मशीनांचं काम एकावर आलं. गर्दी वाढली की मशीनं वाढवायची, हे क्लाउडवर एका क्लिकवर होतं, म्हणून गर्दी कमी कशी करता येईल हा प्रश्न आम्ही दीड वर्ष विचारलाच नव्हता.

डेटा बाहेर नेण्याचा खर्च हा आणखी एक धडा. क्लाउडवर डेटा चढवायला पैसे नाहीत, उतरवायला आहेत. मुंबई केंद्रातून एक जीबी बाहेर यायला तेव्हा साधारण ११ सेंट पडायचे. संस्थांना विश्वास वाटावा म्हणून आम्ही रोज रात्री प्रत्येकीच्या संगणकावर तिच्या डेटाची पूर्ण प्रत पाठवत होतो. संस्थेमागे सुमारे ३०० एमबी, म्हणजे महिन्याला १,९०० जीबी. पंधरा हजार रुपये फक्त त्याचे. आता त्या दिवशी बदललेल्या नोंदीच जातात आणि हा खर्च नगण्य झाला आहे.

दहा दिवसांचं बिल काढायला मशीन लागतं ते महिन्यातल्या तीन रात्री. तिथे आम्ही क्लाउड कंपनीकडे शिल्लक पडलेली मशीनं फार कमी दरात घेतो. दोन मिनिटांची सूचना देऊन ती काढून घेतली जाऊ शकतात, पण बिल एकेका संस्थेचं स्वतंत्र निघतं. अर्धवट राहिलं तर तेवढ्याच संस्थेचं परत काढायचं. थेट संकलनासाठी अशी मशीनं आम्ही कधीच वापरणार नाही.

आमची मिळकत आणि आमचा खर्च यांची चाल जुळत नव्हती, आणि धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात कठीण गोष्ट हीच होती. एकरकमी १८ हजार घेतलेल्या संस्थेसाठी आम्ही दर महिन्याला भाडं भरत होतो, तेही डॉलरच्या दराने ठरणारं. २०१६ मध्ये डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, २०२२ मध्ये ८०च्या पुढे गेला. आमचा दर तसाच. शेवटी आम्ही एकरकमी विक्री थांबवली आणि रोजच्या पावत्यांच्या संख्येवर वार्षिक आकार ठरवला. दीडशे लिटरच्या संस्थेला आणि तीन हजार लिटरच्या संस्थेला एकच दर लावणं तसंही अन्यायाचं होतं. जुन्या संस्थांच्या संचालक मंडळांसमोर मी स्वतः जाऊन बसलो, बिलं दाखवली. अकरा संस्था सोडून गेल्या, त्याचं वाईट वाटलं. बाकीच्यांनी एकच विचारलं, पैसे कधी द्यायचे. दिवाळीच्या तोंडावर दूध संघाकडून दूध दर फरक (वर्षभर घातलेल्या दुधावरची जादा रक्कम) येतो आणि संस्थेच्या हातात पैसा असतो. तेव्हा वर्षाचा आकार घ्यायचा आणि त्यातून बारा महिन्यांचं क्लाउडचं बिल वेगळ्या खात्यात बाजूला काढायचं, असं ठरलं. जीएसटी १८ टक्के आम्हाला परत मिळतो, पण तो आधी भरावा लागतो, म्हणून त्याचीही सोय त्याच खात्यात.

२०२३ मध्ये आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने विषय काढला की थर्टीसेव्हन सिग्नल्स ही अमेरिकन कंपनी क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परत चालली आहे, आपणही जाऊ. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. त्यांचं २०२२चं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलरच्या घरात होतं. त्यांचा भार स्थिर, आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं आधीपासून पगारावर. त्यांना परत जाणं परवडलं यात मला नवल वाटत नाही. आम्ही नऊ जण. सर्व्हर परत घेतला तर रात्रीसाठी एक माणूस ठेवावा लागेल, आणि त्या एका पगारात आमचं क्लाउडचं सगळं बिल निघतं. चाचणीची मशीनं मात्र आम्ही परत कार्यालयात आणली. ती बंद पडली तर कोणाची पावती अडत नाही. कार्यालय आता दुसऱ्या मजल्यावर आहे.

आज ३४० संस्था आहेत आणि बिल २९ हजारांच्या आसपास, म्हणजे संस्थेमागे ८५ रुपये. सुरुवातीला हाच आकडा ३५९ होता. दर महिन्याच्या तीन तारखेला आमच्या हिशेबनीस ताई बिलाची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात आणि ती ओळ कोणाची हे ज्याने त्याने सांगायचं. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्याला (इंटरनेटवर मशीन ज्यावरून सापडतं तो क्रमांक) तासाला अर्धा सेंट लागू झाला, तेव्हा नऊपैकी सात पत्ते कोणाचेच नाहीत हे अशाच वाचनात निघालं.

सध्या खल चालू आहे तो तीन वर्षांच्या कराराचा. सवलत एक वर्षापेक्षा बरीच जास्त आहे. भागीदाराचं म्हणणं, घेऊन टाकू. मला मात्र तीन वर्षांनी आपल्याला केवढं मशीन लागेल हे आज सांगता येत नाही. पावत्यांची रांग आणखी लांबवता आली, तर कदाचित आत्ताचंही मोठं ठरेल. या वेळीही एकच वर्षाचा करार करू, असं मी त्याला काल सांगितलं.