हेपजी-टू काही हिरव्या होईनात

जळगावात पीएच.डी. करताना माझे चार महिने एकाच कामात गेले. यकृताच्या हेपजी-टू पेशींमध्ये लेंटिव्हायरस या विषाणूच्या मदतीने जीन घालायचा होता. सोबत जीएफपी या चमकत्या प्रथिनाचा जीन होता, म्हणजे जीन पोहोचला की पेशी हिरवी चमकणार. जैवसुरक्षा समितीची परवानगी हातात होती, विषाणू मी स्वतः बनवलेला. तरी शंभरात पाच-सात पेशीच हिरव्या व्हायच्या.

पहिला संशय विषाणूवरच आला. मे महिन्यात एकदा रात्रभर वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि सकाळी फ्रीजरमधल्या विषाणूच्या नळ्या वितळलेल्या होत्या. टाकून द्यायचा जीव होईना म्हणून मी त्या परत उणे ८० अंशांना ठेवल्या. चूक झाली. वितळून पुन्हा गोठवला की लेंटिव्हायरसचा जोर बराच कमी होतो. नवा बनवला, एकेका प्रयोगापुरता छोट्या नळ्यांत वाटला. आता विषाणू सहज घेणाऱ्या २९३टी पेशी जवळजवळ सगळ्या हिरव्या झाल्या, पण तोच विषाणू हेपजी-टूवर घातला तर जेमतेम पंधरा टक्के!

विषाणू पेशीला चिकटायला मदत करणारं पॉलिब्रीन हे रसायन मिलिलीटरला ८ मायक्रोग्रॅम घालतच होते. पेशी आणि विषाणू दोन्हींवर ऋणभार असतो, पॉलिब्रीन तो झाकतं. वाढवून पाहिलं, तर पेशी गोल होऊन सुटायला लागल्या.

मग एका संध्याकाळी घाई न करता प्लेट नीट पाहिली. पेशींचे गुच्छ होते आणि प्रत्येक गुच्छाची फक्त कड हिरवी होती, आतला भाग काळा. आमची रावेरला केळी आहे. घडावर फवारताना वडील नोझल फण्यांच्या मधे नेतात, नुसतं वरून मारलं तर आतली केळी कोरडी राहतात. माझ्या प्लेटमध्ये अगदी तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गुच्छ सोडवण्यासाठी पद्धत बदलली. कॅल्शियम नसलेल्या पीबीएस या क्षारांच्या द्रावणाने दोनदा धुणं, पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन पूर्ण मुरू देणं, मग २३ गेजच्या सुईतून पेशी तीन-चार वेळा हळूच ओढणं. जोर लावला तर त्या फुटतात, हात बसायला मला आठवडा लागला. पेशी चिकटायची वाट न बघता त्या सुट्या असतानाच, कमी मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात), विषाणू घातला. प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये ३२ अंशांवर ८०० जीला (गुरुत्वाच्या ८०० पट जोराने) तासभर फिरवली. सकाळी मीडिया बदलला.

७२ तासांनी सूक्ष्मदर्शकात अर्ध्याहून जास्त पेशी हिरव्या! मी सरांना हाक मारायच्या आधी घरी फोन लावला.

चार पॅसेज झाले, म्हणजे पेशी चारदा नव्या प्लेटमध्ये वाढवल्या, तरी रंग टिकून आहे, कारण लेंटिव्हायरस जीन पेशीच्या डीएनएतच जोडतो. आता शेजारच्या प्लेटमध्ये हुह-७ या यकृताच्याच दुसऱ्या पेशी लावल्यात. त्या एकेरी थरात पसरतात, सुईची गरज पडत नाही.