पाणी कमी कर

परवा सकाळी नवऱ्याने कपाटातून बेल्ट काढला आणि तिथूनच ओरडून विचारलं, "अगं हा हिरवा बेल्ट कधी घेतला आपण?"

आमच्याकडे हिरवा बेल्ट नाहीये. काळा आहे, लग्नाकार्याला घालायचा, आणि मे महिन्यात एका मुंजीला घालून झाल्यावर तो गुंडाळी करून कप्प्यात ठेवला होता. आता त्याच्यावर बुरशीचा असा छान एकसारखा पोपटी थर, जणू कुणीतरी अलगद रांगोळीची पूड चाळली असावी. बक्कल तेवढं चकचकीत. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली तरी हा माणूस दरवर्षी जुलैमध्ये याच आश्चर्याने बघतो, आणि तो जन्मापासून रत्नागिरीत राहतोय. मी बार्शीची. मला आता आश्चर्य वाटत नाही.

आमच्या बार्शीकडे घराचा शत्रू म्हणजे धूळ. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक पेढे वाटतील अशी परिस्थिती. बुरशी म्हणजे काय तर शिळ्या भाकरीवर येते ती, किंवा लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला की, आणि मग कुणी घातला यावरून दोन दिवस चौकशी. घर साफ करायचं म्हणजे नवरात्राच्या आधी दसरा काढायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दसरा काढणे म्हणजे घट बसायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या वस्तू बाहेर, सगळ्या गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे, फडताळातली पितळी भांडी, सगळं धुवून, घासून, भिंती झाडून, फरशीवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतून खराट्याने खसाखसा. लहानपणी गोधड्या पायाने तुडवायचं काम आमचं पोरांचं, आणि त्या पिळायला दोन माणसं दोन टोकांना. दुपारी तारेवर टाकलेली गोधडी संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळायची, उन्हाचा वास येत असायचा. त्यामुळे माझ्या डोक्यात साधं गणित बसलेलं, पाणी ओतलं की स्वच्छ. आत्ता कळतंय की त्या गणितातलं निम्मं काम ऊन करत होतं आणि शाबासकी पाण्याला मिळत होती.

तर लग्नानंतरचा पहिला पावसाळा. जुलै. नवी सून, उत्साह भरपूर, बेडरूमच्या कोपऱ्यात भिंतीवर काळे ठिपके दिसले म्हणून मी एका रविवारी कंबर कसली. बादली, साबण, ब्रश. भिंत घासली, फरशी धुतली, कपाटाच्या आतून ओल्या फडक्याने पुसून घेतलं, पडदे धुतले (हे सगळ्यात भारी, जुलैमध्ये रत्नागिरीत जाड पडदे धुतले). संध्याकाळी खोली अशी लख्ख की मीच दोनदा दारात उभं राहून बघितली. सासूबाई ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "अगो, पाणी कमी कर." मला वाटलं पाणीपट्टीचं बोलतायत.

आठ दिवसांनी आधी जिथे दहा ठिपके होते तिथे अख्खं नक्षत्र. कपाटाच्या मागच्या प्लायला पांढरी लव. पडदे चौथ्या दिवशी वाळल्यासारखे झाले पण त्यांना जो काही वास सुटला, तो कुबट वास, ज्यांनी कोकणात पावसाळा काढलाय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगता येणार नाही.

मग हळूहळू शिकत गेले. बुरशीचं बी कुठून येत नाही, ते हवेत असतंच, बार्शीतही असतं, कितीही घासा ते संपत नाही. त्याला रुजायला फक्त ओल लागते आणि खायला काहीही चालतं. काहीही म्हणजे खरंच काहीही, लाकूड, कागद, डिंक, चामडं, भिंतीच्या रंगावर बसलेली धूळ, आणि माझ्या बाबतीत, खळ केलेल्या सुती साड्या. खळ म्हणजे शेवटी भाताची पेज किंवा साबुदाणाच की, आम्ही कौतुकाने कडक इस्त्री करून घडी घालून ठेवतो आणि बुरशीला वाढून ठेवलेलं पान मिळतं. आता मी पावसाच्या आधी सुती साड्यांची खळ धुवून काढते आणि तशाच मऊ घडी करून ठेवते, साडी जरा गबाळी दिसते पण साडीच राहते. म्हणजे डीप क्लिनिंग हवंच, धूळ गेली तर तिचं खाणं गेलं, फक्त ते मे महिन्यात करायचं, मृग लागायच्या आधी, ऊन असताना. पाऊस सुरू झाला की ओलं फडकं बाजूला आणि कोरडं फडकं हातात. हे दोन ऋतूंचं वेगळं काम आहे एवढं समजायला मला चार पावसाळे लागले.

दोन वर्षांपूर्वी मुलाने ऑनलाइन एक छोटा डिजिटल मीटर मागवला, हवेतली आर्द्रता दाखवणारा, काही शे रुपयांचा. त्याने घरात नुसती अशांतता माजवली. हवा सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला मोकळं रान, साठच्या खाली ठेवलं तर उत्तम, असं कुठेतरी वाचून त्याने तो हॉलमध्ये लावला आणि जुलैभर आकडा ८८, ९०, ९१. साठ म्हणजे आमच्यासाठी स्वित्झर्लंड. एकदा मी कुकर लावला, बाजूला चहा, मागच्या शेगडीवर वरणाला फोडणी, आणि हा मीटर घेऊन स्वयंपाकघरात उभा, "आई ९४ झालं." मी म्हटलं वाफ आहे, दिसतेय मला. तर म्हणे वाफ कुकरची नाही फक्त, गॅस जळताना पण पाणी तयार होतं. अकरावी सायन्सचं पोरगं, वहीच काढून बसलं. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी होतं, वाफेच्या रूपात, म्हणजे १४.२ किलोचा आपला एक सिलेंडर संपेपर्यंत जवळजवळ २२ लिटर पाणी घराच्या हवेत जातं. मी ते दोनदा तपासून घेतलं त्याच्याकडून. बावीस लिटर! म्हणजे मी बादली बंद केली आणि शेगडीतून चालूच. त्या दिवसापासून एक्झॉस्ट फॅन, जो सहा वर्षं तेलकट जाळीसकट नुसता शोभेला होता, तो सोलून काढला, स्वच्छ केला आणि आता स्वयंपाक संपल्यावरही पंधरा मिनिटं चालू असतो. बाथरूमचा पण. आंघोळ झाली की वायपरने भिंतीवरचं पाणी खाली ओढायचं, हा नियम काढला तेव्हा घरात बंड झालं होतं, पण टाइल्सच्या फटीतली काळी रेघ त्यानेच गेली, कुठल्याही लिक्विडने नाही.

कपडे हा वेगळाच विषय आहे. हॉलमध्ये दोरी बांधून पंख्याखाली कपडे वाळत टाकायचे हे इथे प्रत्येक घरी चालतं, आमच्याकडेही, पर्याय काय. पण ते वाळत नाहीत, त्यांच्यातलं पाणी फक्त जागा बदलतं, शर्टातून निघून सोफ्याच्या पाठीत जातं. आता एकाच खोलीत सगळे टाकतो, दार बंद, खिडकी थोडी किलकिली, आणि रात्री दोन तास एसी ड्राय मोडवर. बिल येतं. नवरा म्हणतो एवढ्या पैशात नवे कपडे आले असते, मी म्हणते नवे पण वाळवावेच लागतील.

लिक्विडवरून आठवलं. एक मूर्खपणा सांगायलाच हवा, कारण बऱ्याच घरी होत असेल. बाथरूमच्या छतावर काळं झालं होतं म्हणून मी ब्लीच मारलं, मनासारखं निघेना, म्हणून त्याच्यावरच टॉयलेट साफ करायचं ॲसिडवालं ओतलं, दोन्ही मिळून डबल काम करतील या हिशोबाने. एका मिनिटात घशात मिरच्या कोंबल्यासारखं झालं, डोळ्यातून पाणी, खोकत खोकत बाहेर आले. तो क्लोरीन वायू असतो. हे दोन कधीच एकत्र करायचे नाहीत, एका पाठोपाठ पण नाही. आणि त्यात गंमत अशी की प्लास्टरवर किंवा लाकडावर ब्लीच मारून वरचा काळा रंगच उडतो, खाली मुळं तशीच आणि ब्लीचमधलं पाणी आत झिरपून त्यांना वर पाजलं जातं. टाइल, काच, असल्या गुळगुळीत गोष्टींवर ठीक आहे. तिथे पण साबण आणि ब्रश बऱ्यापैकी पुरतो, मग कोरडं करायचं.

पण खरा इतिहास आमच्या पश्चिमेच्या भिंतीचा. वीसेक वर्षांपूर्वी जुनं कौलारू घर पाडून त्याच जागी स्लॅबचं बांधलं. भिंती चिऱ्याच्याच, वरून सिमेंटचं प्लास्टर. चिरा म्हणजे जांभा, दिसायला दणकट पण स्पंजसारखा, भोकं भोकं, पाणी पितो. बेडरूमची ती भिंत दरवर्षी ऑगस्टपर्यंत फुगायची, लोणा लागायचा, पोपडे पडायचे, पोपड्याच्या मागे काळं. एकाने येऊन आतून वॉटरप्रूफिंग केलं, पैसे मोजून घेतले, वर बुरशी न येणारा पेंट, आणि एक पावसाळा खरंच भिंत शहाण्यासारखी वागली. दुसऱ्या वर्षी पेंटचाच फुगा आला, हात लावला तर आत पाणी. मी त्या फुग्याकडे बघत उभी होते आणि सासूबाई मागून म्हणाल्या, इथे पूर्वी पडवी होती.

एवढंच. मला आधी वाटलं जुन्या आठवणीत शिरल्या. पण मग समजलं. जुन्या घराला पश्चिमेला पडवी होती, पावसाच्या आधी तिला बाहेरून माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, नैर्ऋत्येकडून येणारी झड त्या झापांवर आपटायची, मग पडवी, मग भिंत. खोलीच्या भिंतीला पावसाचं तोंडच दिसत नव्हतं. नवीन प्लॅनमध्ये पडवी कशाला, जागा जाते, म्हणून ती खोलीत घेतली आणि भिंत नेली थेट पावसात, उघडी. आणि आम्ही तिला आतून औषधं लावत बसलो. मग बाहेरून तडे भरून घेतले, पावसाच्या बाजूने उतरती पत्र्याची शेड मारली, दिसायला घराच्या शोभेची वाट लागली, पण भिंत दोन वर्षांत खडखडीत कोरडी झाली. उगाच जुनं ते सोनं म्हणत नाहीये मी. त्या कौलारू घरात चुलीच्या धुराने माळा कोरडा राहायचा हे खरं, पण त्याच धुराने सासूबाईंच्या डोळ्यांची वाट लावली आणि सासऱ्यांची अर्धी पुस्तकं तरीही ओलीने गेलीच. पण पडवी हे उत्तर बरोबर होतं, आणि आम्ही ते बुलडोझरने खोडलं.

कपाटं आता सगळी भिंतीपासून चार बोटं पुढे. मागे हवा खेळली पाहिजे, झाडूचा दांडा जाईल एवढी फट. पाहुण्यांना वाटतं कपाट सरकवताना मध्येच दमलो. कपाटात ते ओल शोषणारे डबे ठेवते, पांढरे खडे असतात आणि दोन-तीन आठवड्यांत खाली कपभर पाणी जमतं, ते बघायला फार समाधान वाटतं, म्हणजे एवढं पाणी माझ्या शालूत गेलं नाही. फक्त ते पाणी कपड्यांवर सांडू द्यायचं नाही, डाग जात नाही. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी, त्यांना बुरशीचं काही पडलेलं नसतं, मी वर्षानुवर्षं उगीच तो वास सहन केला.

आणि एक निरीक्षण आहे. रोजची चप्पल, रोजची पर्स, ह्यांचा ऑफिसचा बेल्ट, यांना कधी काही होत नाही. बुरशी येते ती जपून ठेवलेल्याला. लग्नाचा अल्बम, चांगली पर्स जी चांगल्या प्रसंगासाठी आहे, बोहारणीला द्यायला जीव होत नाही तो कोट. बंद, अंधार, हात लागत नाही, बास. त्यामुळे श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की मी सगळं उघडून ठेवते, दुपारच्या त्या अर्ध्या तासाच्या उन्हात ओटीवर गाद्या, बॅगा, अल्बम उभा उघडून, बूट जिभा बाहेर काढून, असं प्रदर्शन मांडलेलं असतं. शेजारी पण तेच. मग कुणीतरी "आला आला" ओरडतं आणि दोन्ही घरांत धावपळ.

तर परवा तो बेल्ट घेऊन मी ओटीच्या टोकाला बसले होते, तोंडाला ओढणी बांधून, कोरड्या ब्रशने झाडत, घरात झाडला की सगळं बी घरभर उडतं म्हणून बाहेर. समोर पाऊस नुसता ओततोय. तेवढ्यात आईचा फोन. बार्शीत पेरणी होऊन तीन आठवडे कोरडे गेलेत, बोअरला पाणी नाही, टँकर मागवलाय. यंदा दसरा काढायला गोधड्या कुठे धुवायच्या याचा तिला आत्तापासून घोर.

"तुमच्याकडे आहे का गं पाऊस?"

मी फोन जरा बाहेर धरला, पागोळ्यांच्या दिशेने. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "किती छान." मी बेल्टचं बक्कल पुसत होते, म्हटलं, "हो ना."