व्हर्मांटमधला धूर आणि आमचे मालक

अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातल्या एका छोट्या गावात, घर गरम ठेवणाऱ्या, लाकडावर चालणाऱ्या स्टोव्हच्या दुकानात मी हिशेब बघते, आणि माणूस कमी पडला की मालकांबरोबर साइटवरही जाते. मालक मूळचे आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचे, जिथे स्टॅन्ले ब्रँडचे ओतीव लोखंडाचे स्टोव्ह बनायचे. 1980 च्या दशकात तिकडे बेकारी फार, तेव्हा इकडे आले आणि लोकांची धुराडी साफ करत करत स्वतःचं दुकान उभं केलं.

ऑक्टोबरमध्ये एका आजींचा फोन, स्टोव्ह पेटवला की धूर घरात येतो, हा काढा आणि मोठा बसवून द्या, पैशाची काळजी नको.

मालकांनी गेल्या गेल्या एक ओंडका फोडला आणि आतल्या ताज्या बाजूला मॉइश्चर मीटरच्या, म्हणजे ओल मोजायच्या यंत्राच्या, सुया टोचल्या, कारण बाहेरून लाकूड कोरडंच दिसतं. ओल 17 टक्के. 20 च्या आत आहे म्हणजे लाकूड ठीक. छपरावर चढून धुराडं बघितलं, तेही मोकळं. मग खाली येऊन नुसते उभे राहिले. स्वयंपाकघरात नवीन मोठा एक्झॉस्ट फॅन घरघरत होता, आणि त्याच उन्हाळ्यात आजींनी खिडक्या बदलून घराच्या सगळ्या फटी बुजवून घेतलेल्या.

त्यांनी विझलेल्या स्टोव्हचं दार उघडून तिथे काडी पेटवून धरली. ज्योत आमच्याकडे झुकली, म्हणजे धुराड्यातून हवा खाली येत होती! मला म्हणाले खिडकी उघड, उघडली तशी ज्योत वळून आत ओढली गेली. एक्झॉस्ट हवा बाहेर फेकणार, फटी बंद, मग घर हवा घेणार कुठून, तर धुराड्यातून. धूर निदान दिसतो तरी, पण निखारे मंद झाल्यावर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि आजी एकट्या राहायच्या, माझ्या अंगावर काटाच आला.

मोठा स्टोव्ह बसवून काहीच फरक पडला नसता. मालकांनी बाहेरच्या भिंतीतून 4 इंची पाइप आणून थेट स्टोव्हला जोडला, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आणि स्टोव्ह चालू असताना एक्झॉस्ट लावायचा नाही असं आजींना दोनदा बजावलं.

बिल मीच केलं, पाइप, अलार्म आणि मजुरी, बस. हिवाळ्याचा माल भरायला काढलेलं कर्जही माझ्याच वहीत होतं, त्यामुळे हा सौदा सोडणं काय असतं ते मला नीट माहितीय, आणि म्हणूनच या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. डिसेंबरात आजींच्या शेजाऱ्यांनी नवीन स्टोव्ह घेतला, तिथेही आधी एक्झॉस्ट आणि खिडक्या तपासूनच मालकांनी साइज ठरवली.